राजकारणात मतं वेगळी, मंडळी एकच: ख्रिस्ती घरांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक जाहीर झाली की आमच्याकडे वसईत काय आणि नगर, जालना, पुण्याच्या मंडळ्यांमध्ये (चर्चच्या समूहांमध्ये) काय, तेच तेच प्रश्न फिरून येतात. कुणी मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) सुटल्यावर चर्चच्या आवारात विचारतं, कुणी रात्री अकराला मेसेज करतं, कुणी तर रडत फोन करतं की भावाने बोलणं बंद केलंय. म्हणून एका जागी लिहून ठेवतोय. मी फादर किंवा पाळक नाही, साधा प्रापंचिक माणूस आहे, यूथ ग्रुप आणि बायबल क्लासमध्ये बरीच वर्षं गेली तेवढंच. मत कुणाला द्यायचं ते इथे सापडणार नाही. ज्याचं मत आपल्याला जराही पटत नाही, आणि तो नेमका आपल्याच बाकावर बसतो, त्याच्याशी कसं वागायचं याबद्दल हे आहे.

ख्रिस्ती माणसाने राजकारणापासून लांबच राहिलेलं बरं नाही का? बोललंच नाही तर भांडणच नको.

भांडण टळेल, पण पाणी, रस्ता, शाळा, दवाखाना, जमिनीचे कायदे, आपल्या शेजाऱ्याला न्याय मिळतो की नाही, हे सगळं राजकारणातच ठरतं ना, मग शेजाऱ्यावर प्रीती करा हे रविवारी ऐकायचं आणि सोमवारी त्यातून अंग काढून घ्यायचं हे कसं चालेल? पंडिता रमाबाई १८८९ च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून गेल्या होत्या, बायकांनी सभेत बसणं हेच तेव्हा नवल होतं. काका जोसेफ बाप्टिस्टा लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष होते, १९१६ साली, आणि पुढे १९२५ ला मुंबईचे महापौर झाले. म्हणजे आपली माणसं यात कधीपासून आहेत. आणि बघा हां, ज्या टिळकांच्या केसरीने रमाबाईंच्या शारदासदनावर (विधवांसाठी आणि मुलींसाठी काढलेल्या शाळेवर) कडाडून टीका केली त्याच टिळकांच्या खांद्याला खांदा लावून बाप्टिस्टा उभे होते. दोघंही ख्रिस्ती, दोघांचाही देशावर जीव, वाटा वेगळ्या.

पण आपण सगळे एकाच ख्रिस्ताचे, तर मत एकच का होत नाही? कुणीतरी चुकतंयच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रभूने बारा जण निवडले त्यात मत्तय होता, जकातदार, म्हणजे त्या काळच्या सत्तेसाठी लोकांकडून पैसा वसूल करणारा, लोक ज्याच्याकडे बघून थुंकायचे असा. आणि त्याच बारात शिमोन होता, ज्याला लूक 'जिलोत' म्हणतो, रोमी सत्तेच्या कट्टर विरोधातल्या लोकांचं नाव ज्याला चिकटलेलं. हे दोघं एकाच ताटलीत भाकरी बुडवत होते. आता संध्याकाळी विसावल्यावर त्यांच्यात काय बोलणं होत असेल ते शुभवर्तमानात लिहिलेलं नाही, पण प्रभूने दोघांपैकी एकालाही 'आधी तुझं राजकारण सुधारून ये' असं सांगितल्याचंही कुठे लिहिलेलं नाही. माझ्या पाठी ये म्हटलं, दोघं आले.

मग पौलाचं रोमकरांस पत्र, अध्याय १४. तिथे मंडळीत वाद चाललाय काय खावं आणि कुठले दिवस पाळावेत यावर. आज आपल्याला तो छोटा वाटतो, त्यांना नव्हता, त्यांच्या दृष्टीने तो देवाशी इमान राखण्याचा प्रश्न होता. पौलाचं स्वतःचं मत आहे, ते तो लपवत नाही, पण तो म्हणतो की खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये, कारण दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारे तुम्ही कोण, तो त्याच्या धन्याला जबाबदार आहे. मी तर म्हणतो निवडणुकीच्या महिन्यात प्रत्येक घरात हा अध्याय मोठ्याने वाचावा.

आणि कॅथलिकांसाठी तर हे चर्चने लिहूनच दिलंय. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांच्या सभेने) १९६५ साली आधुनिक जगातल्या चर्चविषयी जो दस्तऐवज काढला त्यात स्पष्ट आहे की एकाच श्रद्धेची, तितक्याच प्रामाणिक मनाची माणसं एखाद्या प्रश्नावर वेगळ्या निष्कर्षाला येऊ शकतात, आणि अशा वेळी 'चर्च माझ्याच बाजूने आहे' असा दावा कुणी करू नये (परिच्छेद ४३). त्याच दस्तऐवजात परिच्छेद २८ मध्ये सामाजिक, राजकीय, धार्मिक बाबतीत आपल्यापेक्षा वेगळा विचार करणाऱ्यांनाही आदर आणि प्रेम द्यायला सांगितलंय.

याचं कारण साधं आहे. गरिबाची बाजू घ्या हे श्रद्धा सांगते, पण गरिबाचं भलं अनुदानाने होईल की रोजगाराने, मोठ्या प्रकल्पाने की गावातल्या शेतीने, हे बायबलमध्ये लिहिलेलं नाही. तिथे अनुभव, अभ्यास, कुणाला काय सोसावं लागलं हे सगळं येतं, आणि ते प्रत्येकाचं वेगळं असतं.

आपल्या समाजात पूर्वी एकी होती, आता फूट पडलीय असं मोठी माणसं म्हणतात. खरंय का?

प्रेमाने म्हणतात, पण इतिहास तसा नाही. मुंबईच्या आपल्याच ईस्ट इंडियन (इथल्या मूळच्या कॅथलिक) लोकांनी १८८७ ला राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला ५० वर्षं झाली त्या वेळी बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन काढली, सरकारशी जवळीक ठेवणं त्यांना समाजाच्या हिताचं वाटलं, पोरांना नोकऱ्या मिळाव्यात ही काळजी होती. आणि त्याच ईस्ट इंडियन समाजातले, माझगावच्या माथारपाखाडीचे बाप्टिस्टा स्वराज्य मागत होते.

१९३१ ला लंडनला दुसरी गोलमेज परिषद झाली. भारतीय ख्रिस्ती लोकांसाठी वेगळे मतदारसंघ (ख्रिस्ती मतदारांनीच आपला प्रतिनिधी निवडायचा) हवेत का हा प्रश्न होता, आणि ख्रिस्ती समाजातूनच गेलेल्या दोघांची मतं उलट. एस. के. दत्ता नको म्हणत होते, ए. टी. पन्नीरसेल्वम हवेत म्हणत होते. एकाला वाटत होतं वेगळं काढलं की आपण देशापासून तुटू, दुसऱ्याला वाटत होतं नाही काढलं तर आपला आवाजच कुणाला ऐकू येणार नाही. आता यातला कोण कमी ख्रिस्ती? ब्रिटिश सरकारच्या १९३२ च्या जातीय निवाड्यात वेगळे मतदारसंघ मिळाले, आणि पुढे १९४९ ला संविधान सभेने अल्पसंख्याकांच्या राखीव जागा सोडायचं ठरवलं तेव्हा त्याला पाठिंबा देणाऱ्यांत येशूसंघीय (जेझुइट) फादर जेरोम डिसोझा होते, आणि सभेचे उपाध्यक्ष एच. सी. मुखर्जी, तेही ख्रिस्तीच. दोन्ही बाजूंची भीती खरी होती. ती नीट ऐकून घेतली गेली म्हणून पुढचा निर्णय शहाणपणाने झाला असं मला वाटतं.

फादर किंवा पाळक वेदीवरून अमुक पक्षाला मत द्या असं सांगू शकतात का?

नाही. दोन्हीकडून नाही, देशाच्या कायद्यानेही आणि चर्चच्या रीतीनेही.

१९८८ चा एक कायदा आहे, धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखणारा. धार्मिक संस्थेची जागा राजकीय प्रचारासाठी वापरायला त्यात मनाई आहे, आणि ही मनाई देऊळ, मशीद, चर्च, गुरुद्वारा सगळ्यांना सारखीच आहे. शिवाय लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३(३), धर्माच्या नावाने मत मागणं हा भ्रष्ट आचार. यावर सुप्रीम कोर्टाच्या ७ न्यायमूर्तींच्या पीठाने २ जानेवारी २०१७ ला ४ विरुद्ध ३ असा निकाल दिला की उमेदवाराचाच नाही तर मतदाराचाही धर्म पुढे करून मत मागता येणार नाही. हा खटला निघाला होता आपल्या सांताक्रूझच्या १९९० च्या विधानसभा निवडणुकीवरून.

कॅथलिक धर्मगुरूंना तर चर्चच्या कायद्यानेच सत्तेची सरकारी पदं घ्यायला बंदी आहे (कलम २८५) आणि राजकीय पक्षात सक्रिय भाग घेता येत नाही (कलम २८७, अपवाद अगदी मोजके आणि ते बिशपांनी ठरवायचे). कारण समजून घ्या. फादर सगळ्यांचे असतात. ज्याने दुसऱ्या पक्षाला मत दिलंय त्यालाही उद्या त्यांच्याकडेच कुमसाराला (पापांची कबुली द्यायला) यायचंय, त्याच्या आईला शेवटचा तैलाभ्यंग (आजाऱ्याला तेल लावून द्यायचा संस्कार) द्यायला त्यांनाच जायचंय. तिथे त्याच्या मनात 'हे तर त्या बाजूचे' असं आलं तर त्याने कुणाकडे जावं?

पण याचा अर्थ फादरांनी तोंड शिवून बसावं असा नाही हां. प्रश्नावर बोलता येतं. हरित वसईच्या चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे आले ते पाणी, हिरवा पट्टा आणि दहशत या प्रश्नांवर. तेव्हाही फादरांनी यात उतरावं का यावर आपल्यात दोन मतं होतीच, आणि दोन्ही मतांची माणसं त्यांच्याच मिस्साला बसत होती. मतदान करा, पैसे घेऊन करू नका, विचार करून करा, गरिबाकडे बघून करा, हे सगळं प्रवचनात सांगता येतं आणि सांगावंही.

एक प्रॅक्टिकल गोष्ट. बऱ्याच ठिकाणी आपल्या धर्मग्रामाची (पॅरिशची) शाळाच मतदान केंद्र असते. केंद्राच्या १०० मीटरच्या आत प्रचार करायला बंदी आहे, त्यामुळे त्या दिवशी सकाळच्या मिस्सानंतर आवारात घोळका करून 'काय मग, कुणाला' सुरू करू नका.

बिशपांचं किंवा सिनडचं (चर्चच्या धर्मसभेचं) निवेदन आलं तर ते पाळलंच पाहिजे का?

आधी पूर्ण वाचा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी चार ओळींची बातमी वाचून मत बनवू नका. तत्त्वाची गोष्ट असेल, माणसाची प्रतिष्ठा, जीव, धर्मस्वातंत्र्य, तर ती गंभीरपणे घ्यायची. पण एखाद्या ठरावीक योजनेवर किंवा बिलावर मत असेल तर आदराने ऐकून, विचार करून वेगळं मत ठेवता येतं, आणि ते नीट पत्र लिहून कळवताही येतं.

फॅमिली ग्रुपवर रोज भांडणं होतात. काका एक फॉरवर्ड टाकतात, मी उत्तर देतो, मग आत्या रडते. काय करू?

पहिलं म्हणजे फॉरवर्ड. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा आपल्याला पाठ आहे, कॅथलिक ती आठवी मोजतात आणि बहुतेक प्रोटेस्टंट नववी, पण आज्ञा तीच. जी गोष्ट खरी आहे की नाही आपल्याला माहीत नाही ती एखाद्या माणसाबद्दल किंवा समाजाबद्दल २०० जणांना पाठवणं म्हणजे खोट्या साक्षीचा धोका पत्करणंच आहे. 'मी फक्त पुढे पाठवलं' हे कोर्टातही चालत नाही. आणि हे आपल्या बाजूच्या फॉरवर्डला जास्त लागू आहे, कारण विरोधी बाजूचं आपण तपासतोच, आपल्याला आवडलेलं मात्र तसंच ढकलतो. म्हणून माझा आग्रह आहे की आपल्याच पक्षाच्या बाजूचं खोटं सापडलं तर ते आपणच ग्रुपवर सांगावं. एकदा करून बघा, समोरच्याचा आवाज किती खाली येतो ते.

दुसरं, काकांना उत्तर ग्रुपवर देऊ नका. ग्रुपवर ३० जण बघतायत, काका माघार कशी घेतील? प्रभूने मत्तय १८ मध्ये सांगितलंय, भावाचा अपराध दिसला तर आधी तू आणि तो दोघंच असताना बोल. म्हणजे फोन करा, नाहीतर जाऊन भेटा. जेवायच्या वेळेला जा. आणि पहिलं वाक्य 'तुम्ही चुकीचं पाठवलंत' हे नको, 'काका, तुम्हाला यात सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते' असं विचारा आणि खरंच ऐका, मध्ये तोडू नका. बऱ्याचदा त्या फॉरवर्डच्या मागे दुसरंच काही निघतं, पोराला नोकरी नाही, जमीन गेली, कुणीतरी ऑफिसात अपमान केला.

तिसरं, शब्द. बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोब म्हणतो, ज्या जिभेने आपण पित्याची स्तुती करतो त्याच जिभेने देवाच्या प्रतिरूपाच्या माणसांना शाप देतो, हे असं होऊ नये. सकाळी ग्रुपवर स्तोत्र २३ आणि दुपारी त्याच बोटांनी विरोधी नेत्याला, त्याच्या बायकापोरांना, त्याच्या जातीला शिव्या, हे आपल्या ग्रुपांवर चालतं आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं. अंधभक्त, चमचा, देशद्रोही, विकला गेलेला, हे शब्द ख्रिस्ती माणसाच्या कीबोर्डवर नसावेत. धोरणावर हवी तेवढी टीका करा, आकडे काढा, निर्णय कसा चुकला ते सांगा, पण माणसाला नाव ठेवलं की चर्चा तिथेच मेली.

आणि आत्या रडत असेल तर आधी आत्याला फोन करा.

आदर करायचा म्हणजे समोरच्याचं मत बरोबर मानायचं का? चुकीला चूक म्हणायचंच नाही?

म्हणायचं, स्पष्ट म्हणायचं. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर (यहुदी नसलेल्यांबरोबर) जेवायचा थांबला तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमोर तोंडावर सांगितलं की हे चुकतंय (गलतीकरांस २). पेत्र म्हणजे कोण, प्रेषितांतला पहिला! तिथे प्रश्न असा होता की काही माणसांना मेजावरून उठवलं जात होतं, म्हणून पौल गप्प बसला नाही. आणि प्रेषितांची कृत्ये ५ मध्ये पेत्र स्वतःच सांगतो की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे.

त्यामुळे कर किती असावा, महामार्ग कुठून जावा, ही मतमतांतरं एका बाजूला, आणि कुणाला माणूस म्हणूनच कमी लेखणं दुसऱ्या बाजूला. दोन्ही एकाच तराजूत घालू नका. जातीवरून, धर्मावरून, भाषेवरून कुणाला मारा, हाकला असं कुणी म्हणत असेल तर ते 'त्याचं मत' म्हणून सोडून देता येत नाही, मग तो आपला सख्खा भाऊ असो की चर्च कमिटीचा सेक्रेटरी. पण तिथेही त्याला विरोध करताना त्याला राक्षस बनवायचं नाही. शोमरोन्यांच्या गावाने प्रभूला घेतलं नाही तेव्हा याकोब आणि योहान म्हणाले आकाशातून अग्नी पाडू का, आणि प्रभूने वळून त्यांनाच धमकावलं (लूक ९).

आपल्याच घरातलं उदाहरण घ्या, कारण हे दुसऱ्यांबद्दल बोलणं सोपं असतं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता, १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित अजूनही बाहेर आहेत. २०२२ ला केंद्राने माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली यावर आयोग नेमला. नगर आणि मराठवाड्याच्या खेड्यांतल्या कितीतरी कुटुंबांसाठी हा शाळेच्या फीचा आणि नोकरीचा, रोजचा प्रश्न आहे. यावर मंडळीत मतं वेगळी आहेत. कुणी म्हणतं दर्जा मिळालाच पाहिजे, जात धर्म बदलून सुटत नाही. कुणी म्हणतं मग आपण जात मान्य केल्यासारखं होईल. कुणी बौद्ध आणि हिंदू दलित बांधवांच्या वाट्याचं काय होईल म्हणून काळजीत आहे. ही तिन्ही माणसं मी प्रामाणिक बघितलीत. पण बोलताना एक क्रम पाळावा असं मला ठाम वाटतं: ज्याच्या घरी हा प्रश्न रोज जेवायला बसतो त्याने आधी बोलावं, आणि ज्याला त्याची झळ नाही त्याने आधी ऐकावं. शहरातल्या सुखवस्तू ख्रिस्ती माणसाने पहिल्याच वाक्यात 'आपल्यात कुठे जात असते' असं म्हणून विषय बंद करणं हा आदर नव्हे.

जो पक्ष ख्रिस्ती लोकांच्या विरोधात आहे असं मला वाटतं, त्याला मत देणारा ख्रिस्ती माणूस खरा ख्रिस्ती कसा?

राग समजतो. चर्चवर हल्ला झाल्याची बातमी आली, प्रार्थना बंद पाडली, पाळकाला मारलं, की पोटात कालवतं, आणि मग शेजारी त्याच पक्षाचा स्टेटस ठेवणारा दिसला की सहन होत नाही. हे दुःख खोटं नाही आणि ते त्याला सांगायलाच हवं, 'तू असं मत दिलंस तेव्हा मला एकटं वाटलं' असं सरळ सांगा.

पण त्याचा विश्वास काढून घ्यायचा अधिकार तुम्हाला नाही. त्याने कदाचित गावच्या पाण्यासाठी मत दिलं असेल, उमेदवार अडीअडचणीला धावून येतो म्हणून दिलं असेल, दुसऱ्या बाजूच्या भ्रष्टाचाराला कंटाळून दिलं असेल. शिवाय इतिहास आपण समजतो तितका सरळ नाही. धर्मांतरावर बंधनं घालणारे कायदे ओडिशात १९६७ ला आले, मध्य प्रदेशात १९६८ ला, तामिळनाडूत २००२ ला आले आणि २००४ ला रद्द झाले, गुजरातेत २००३ ला, हिमाचलात २००६ ला, कर्नाटकात २०२२ ला. यातल्या सरकारांचे पक्ष बघा, एकच एक पक्ष नाही: गुजरात आणि कर्नाटकात भाजप, हिमाचलात काँग्रेस, तामिळनाडूत अण्णा द्रमुक. म्हणून पक्षाच्या नावावरून माणसाचं ख्रिस्तीपण मोजायला गेलात तर हिशोब लागणार नाही. त्याला विचारा, हल्ला झाला त्या मंडळीसाठी तू काय करतोस, त्यांच्यासाठी बोलशील का, तुझ्या आमदाराला पत्र लिहिशील का. तो हो म्हणाला तर त्या पत्राचा उपयोग तुमच्या पत्रापेक्षा जास्त होईल, कारण तो त्यांचा मतदार आहे.

आपलाच ख्रिस्ती उमेदवार उभा असेल तर मत त्यालाच द्यायला हवं ना?

नको, फक्त त्या कारणासाठी नको. तो लायक असेल तर जरूर द्या. मेथडिस्ट चळवळीचे जॉन वेस्ली यांनी ६ ऑक्टोबर १७७४ ला मतदार असलेल्या आपल्या लोकांना तीन गोष्टी सांगितल्या होत्या: पैसा किंवा बक्षीस न घेता सगळ्यात लायक वाटेल त्याला मत द्या, ज्याच्या विरोधात मत दिलं त्याच्याबद्दल वाईट बोलू नका, आणि ज्यांनी दुसऱ्या बाजूला मत दिलं त्यांच्याविषयी मनात धार येऊ देऊ नका. अडीचशे वर्षं झाली, तिसरी गोष्ट अजून सगळ्यात कठीण जाते. ख्रिस्ती उमेदवार पडला तर 'आपल्याच लोकांनी पाडला' म्हणून घराघरांत गद्दार शोधत फिरणं तर अजिबात नको.

नवरा-बायकोचं मत वेगळं असेल तर?

असू दे की. मत गुप्त असतं, बायकोने नवऱ्याला सांगायची सक्ती नाही आणि मुलाने बापालाही नाही. 'आपल्या घरची सगळी मतं इकडे' असं घरातल्या मोठ्या माणसाने उमेदवाराला परस्पर कबूल करून टाकायची जी सवय आहे ती थांबवा. प्रत्येक बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला स्वतःचा विवेक आहे.

गावातल्या प्रश्नावरून मंडळीच फुटली तर काय करायचं?

दिल्ली-मुंबईच्या राजकारणापेक्षा हेच जास्त लागतं, कारण समोरचा माणूस रोज दिसतो. आमच्याकडे ३ जुलै २००९ ला वसई-विरार महानगरपालिका झाली, चार नगरपालिका आणि ५३ गावं मिळून, आणि गावं वगळा म्हणून मोठं आंदोलन उभं राहिलं. एका बाजूला वाटत होतं की ग्रामपंचायत गेली की वाड्या, विहिरी, हिरवा पट्टा बिल्डरच्या घशात जाईल. दुसरी बाजू म्हणत होती पाणी, रस्ते, दवाखाना कोण देणार, पंचायतीच्याने होणार आहे का. एकाच आळीत, एकाच घरातही दोन्ही मतं. लग्नाची बोलावणी थांबली, सणाला घरी जाणं थांबलं असंही काही ठिकाणी झालं, आणि ते सांधायला वर्षं गेली.

गोव्यात १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आठवा, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. वेगळं राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मतं, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा. निकालाने प्रश्न मिटला, पण दोन्ही बाजूंची माणसं त्याच गावांत राहिली, त्याच बाजारात मासळी घ्यायला येत राहिली.

म्हणून मंडळीने वादाच्या ऐन भरात काही गोष्टी मुद्दाम धरून ठेवाव्यात असं माझं म्हणणं आहे. क्वायर, मयताला जाणं, आजाऱ्याच्या घरी जाणं आणि सणाचं जेवण. यांत बाजू बघायची नाही. सभा घ्यायची तर दोन्ही बाजूंना सारखा वेळ द्या आणि प्रत्येकाला आधी समोरच्याचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत मांडायला लावा, आणि समोरचा 'हो, मला हेच म्हणायचं होतं' म्हणाला की मगच स्वतःचं सुरू. वेळ जास्त जातो, पण अर्धं भांडण तिथेच उतरतं, कारण अर्धं भांडण न ऐकल्याचंच असतं.

येशूने स्वतः राजकीय प्रश्नाला काय उत्तर दिलं?

कैसराला (रोमी सम्राटाला) कर द्यावा की नाही, हे विचारायला आले कोण ते बघा. परुश्यांचे शिष्य आणि हेरोदी. एका गटाला रोमी सत्ता खुपायची, दुसरा गट त्या सत्तेच्या मर्जीवर टिकलेल्या हेरोदाच्या घराण्याचा, एरवी या दोघांचं पटायचं नाही, फक्त येशूला अडकवायला एकत्र आले. हो म्हणाला असता तर लोक तुटले असते, नाही म्हणाला असता तर बंडखोर ठरला असता. त्याने नाणं मागितलं, ठसा कुणाचा विचारलं, आणि कैसराचं ते कैसराला, देवाचं ते देवाला द्या असं सांगितलं. नाण्यावर कैसराचा ठसा, पण माणसावर देवाचा, उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात आहे ते. म्हणजे कर मागा, शिस्त मागा, पण कुठल्याही नेत्याला किंवा पक्षाला माणूस आख्खा देऊन टाकता येत नाही. ज्या नेत्याबद्दल वाईट ऐकलं की आपलं रक्त उसळतं आणि प्रभूबद्दल ऐकलं की उसळत नाही, तिथे थांबून स्वतःला तपासावं.

भांडण होऊन गेलंय. मिस्सात शांतीचिन्ह द्यायची वेळ आली की तो समोर असतो आणि माझा हात जात नाही.

मत्तय ५: वेदीवर दान अर्पण करताना आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी समेट कर, मग ये. प्रभूने इथे कोण बरोबर होतं ते विचारलेलंच नाही. त्यामुळे मत बदलायची गरज नाही, जे बोललात त्यातलं जे लागलं असेल त्याची माफी मागा. 'माझं मत तेच आहे, पण त्या दिवशी सगळ्यांसमोर तुला तसं बोलायला नको होतं' इतकं पुरतं. शनिवारीच करा, रविवारपर्यंत थांबू नका. आणि त्याने हात पुढे नाही केला तर त्याला वेळ द्या, पुढच्या वेळी पुन्हा करा.

निकाल लागल्यावर काय?

जिंकलात तर फटाके त्याच्या दारात लावू नका आणि 'जिरली का' वाले स्टेटस ठेवू नका. हरलात तर मशीन, पैसा, अमुक समाज, असं पुराव्याशिवाय बोलत सुटू नका, पुरावा असेल तर कायद्याने तक्रार करा, त्याची रीत आहे. १ तीमथ्य २ मध्ये राजांसाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितलंय, आणि तेव्हा राज्य चालवणारे ख्रिस्ती लोकांचे काही मित्र नव्हते. विश्वासणाऱ्यांच्या प्रार्थनांमध्ये राज्यकर्त्यांसाठी एक विनंती असतेच, त्या रविवारी ती वाचायला दोन जण ठेवा, एक जिंकलेल्या बाजूचा आणि एक हरलेल्या, दोघांनी मिळून वाचावी, आणि निवडून आलेल्याचं नाव स्पष्ट घ्यावं. मग सोमवारी दोघांनी एकत्र जाऊन त्याच आमदाराला पाण्याच्या टँकरबद्दल विचारायला हरकत नाही.